निरंक

रोहिणी पानस्करने उभ्या आयुष्यात कुणाचं तोंड बंद केलं नव्हतं. आईचं तोंड बंद करणं कुणाच्या बापाला जमण्यासारखं नव्हतं, आणि धाकटा भाऊ संग्राम निदान तासाला तरी गप्प बसावा म्हणून शाळेच्या मास्तरांनी हात टेकले होते. तिनं गप्प केलं ते एका प्रोग्रॅमला. तेही भांडून नव्हे. कमांडच्या ओळीच्या शेवटी चार-दोन चिन्हं वाढवून. ती चिन्हं आज तिला कुणी झोपेतून उठवून विचारली तरी ती न चुकता सांगेल.

गोष्ट २०३८ सालची. घाटाखालच्या मोरवंड गावात जिल्ह्याचं प्रथिन तपासणी केंद्र नुकतंच उघडलं होतं. इतक्या आडगावात असलं केंद्र येण्याला कारण होतं. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या एक दुखणं होतं आणि लोक त्याला ‘झोका’ म्हणत. पस्तिशी-चाळिशीचा धडधाकट माणूस चालताना झुकायला लागायचा, मग जीभ जड व्हायची, मग हातात पाण्याचा तांब्या ठरायचा नाही. दहा-बारा वर्षांत खाट, आणि मग खाटेवरूनही सुटका.

रोहिणीचे वडील, आबा, गवंडी होते. त्यांच्या हातातला ओळंबा एक दिवस हलायला लागला. वारा असेल म्हणून ते थांबून राहिले, पण वारा काही पडेना. गावानं सरळ दारूवर बोट ठेवलं. आयुष्यात सुपारीच्या खांडालाही न शिवलेला तो माणूस दारुडा म्हणून बदनाम होऊन गेला, आणि ते शल्य आईच्या मनात झोक्याहूनही खोल रुतून बसलं होतं.

मग विज्ञानाला उशिरा का होईना, जाग आली. शरीर प्रथिनांवर चालतं, आणि प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ. दर प्रकाराला एक अक्षर दिलेलं असतं, म्हणून माळ कागदावर उतरवली की अक्षरांची रांग दिसते. काही माळांत एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, आणि त्यात वावगं काही नसतं. मोरवंड खोऱ्यातल्या काही घराण्यांत मात्र एका प्रथिनातली ही आवर्तनं वाढत गेली होती. तीसपर्यंत असली तर माणूस ठणठणीत. चाळीसच्या पुढे गेली की माळ स्वतःभोवतीच गुरफटते, तिच्या गाठी होतात आणि त्या लहान मेंदूत साचतात. तोल सांभाळायचं काम नेमकं त्याच्याकडे असतं.

इतकी वर्षं हे कुणाला दिसलं नाही, कारण आवर्तनं हुबेहूब नव्हती. एखाद्या पोराला एकच ओळ पन्नास वेळा लिहायला सांगा; पंधराव्या ओळीत काना राहतो, तिसाव्या ओळीत अक्षरच बदलतं. माणसाला कळतं की ओळ तीच आहे, पण जुन्या संगणकी पद्धतींना ते कळत नसे. नव्या पद्धतींना कळायला लागलं. पाठोपाठ औषधही आलं. ते होतं आवर्तनांना जाऊन घट्ट चिकटणारं एक इवलंसं घडवलेलं प्रथिन. त्याला सगळे ‘कुलूप’च म्हणत. वर्षाला एक टोचणी, आणि गाठी होतच नाहीत. अट एकच: गाठी व्हायच्या आत, म्हणजे पहिलं लक्षण दिसायच्या आत ते सुरू व्हायला हवं. चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून काय उपयोग!

केंद्राचे प्रमुख होते डॉ. मुजावर, आणि संगणकावर होती रोहिणी. त्याआधी सहा वर्षं ती पंचायत समितीच्या आरोग्य विभागात होती. तिथलं तिचं मुख्य काम म्हणजे दर सोमवारी गावोगावचे साथरोगांचे अहवाल गोळा करून वर पाठवणं. कावीळ, निरंक. अतिसार, निरंक. सर्पदंश, निरंक. ज्या गावाचा कागदच यायचा नाही त्याचं काय करायचं, असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं तेव्हा तिथल्या जुन्या हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, “कागद आला न्हाई म्हंजे निरंक धरायचं, बाई. काय झालं असतं तर बोंबलत आले नसते का?” सरकारी कामातलं हे शहाणपण तिच्या हाडीमासी मुरलं होतं.

आवर्तनं शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ‘रेप्टा’. कुठल्याशा परदेशी विद्यापीठातल्या दोघांनी तो लिहून फुकट वाटला होता. केंद्रात सगळे त्याला रपाटा म्हणायचे, आणि तो इन्स्टॉल करताना रोहिणीला त्या नावाचा पुरेपूर प्रत्यय आला. त्याला ना चित्रं ना बटणं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि वाट बघायची. आवर्तनं चाळीसच्या आत असली तर तो त्या माणसाबद्दल काहीच लिहायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, अमुक फाइल सापडत नाही. ती आणून दिली तर म्हणाला, ही फार नवी आहे, जुनी दे. जुनी दिली तर आणखी तिसरंच काही मागितलं. लग्नात अडून बसलेल्या जावयानं घ्यावेत असे आढेवेढे त्यानं तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी दुपारी सोबत आलेली नमुन्याची फाइल त्याला दिली, आणि पडद्यावर भराभर ओळी उमटल्या: नाव, कुठून कुठपर्यंत, किती आवर्तनं. मुजावर सरांनी पेढे आणले. रोहिणीनं संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि शिपाईमामांनी नारळ फोडला.

अडचण पुढे आली. असल्या प्रोग्रॅमला दोन तोंडं असतात. एका तोंडानं तो उत्तर सांगतो, दुसऱ्यानं तक्रारी, आणि दोन्ही एकाच पडद्यावर एकात एक मिसळून येतात. रेप्टा तक्रारखोर होता. अक्षरं छोट्या लिपीत का दिली, फाइलीच्या शेवटी मोकळी ओळ का सोडली, माझी नवी आवृत्ती आली आहे ती का घेत नाही. दर नमुन्यामागे पाच-सहा कुरबुरी ठरलेल्या. रोहिणीनं पहिले काही दिवस त्या इमानानं वाचल्या. पण रोज उठून ‘लांडगा आला रे’ ऐकलं की कुणीही कानावर उशी घेतो.

त्यात वरच्या कार्यालयाचं पोर्टल तक्रारी मिसळलेली फाइल परत पाठवायला लागलं. मुजावर सर वैतागले. “पानस्कर मॅडम, ही कचकच कशाला हवी आपल्याला? उत्तर तेवढं पाठवा. जादा आवर्तनं सापडली तर आकडा, नाही तर निरंक.”

रोहिणीनं रेप्टाच्या माहितीपुस्तकात बघितलं. तक्रारी वेगळ्या फाइलीत साठवता येत होत्या. पण रोज ती फाइल उघडणार कोण? दुसरीही एक सोय होती. त्या संगणकात एक जागा असते, तिथं टाकलेलं काहीही उरत नाही. कचरापेटीतून निदान उचलून तरी घेता येतं, इथून तेही नाही. तिनं ओळीच्या शेवटी चार-दोन चिन्हं वाढवून तक्रारींचं तोंड तिकडं वळवलं. पडदा लख्ख झाला. सर म्हणाले, “वा!” आणि तिलाही बरं वाटलं. पुढे ज्या ज्या गोष्टीचा तिला पश्चात्ताप झाला त्यात हे बरं वाटणंसुद्धा होतं.

पहिल्या तुकडीत तिनं स्वतःचं आणि संग्रामचं रक्त दिलं. आबांच्या मुलांना दुखणं असण्याची शक्यता निम्मी होती, छापा-काट्यासारखी. ती एकतीस वर्षांची होती, आणि केवळ याच भीतीनं तिनं दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. संग्राम सत्तावीसचा. वरच्या सड्यावर पवनचक्क्यांची रांग होती, तिथं तो दुरुस्तीचं काम करायचा, ऐंशी-ऐंशी मीटरच्या मनोऱ्यावर वानरासारखा चढायचा आणि वर बसून आईला फोन करायचा, “आई, तुझं छप्पर दिसतंय बघ इथनं. दोन कौलं फुटल्याती.”

मंगळवारी सकाळी तिनं कमांड दिली. तिची फाइल रिकामी आली. संग्रामची फाइल रिकामी आली. दोन्ही सारख्याच रिकाम्या. तिनं दोन्ही नावांपुढे निरंक लिहिलं, बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकली आणि पोटभर रडली. मग त्याला फोन लावला.

“आक्का, नक्की ना?” त्यानं विचारलं. कधी नव्हे तो हळू आवाजात.

“नक्की. यंत्र खोटं बोलत न्हाई.”

पलीकडून वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. तो मनोऱ्यावरच होता. मग एकदम ओरडला, इतक्या मोठ्यानं की खालच्या माणसांना वाटलं हा पडला.

संग्रामनं वर्षाच्या आत कोमलशी लग्न केलं. घर बांधलं. शिवन्या झाली. रोहिणीनं लग्न केलं नाही. स्थळं येण्याचे दिवस सरले होते, आणि तिला त्याचं फारसं दुःखही उरलं नव्हतं. भाची तिच्या अंगाखांद्यावर वाढली. सात वर्षं बरी गेली. बऱ्या गेलेल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच असतं.

आठव्या वर्षी दिवाळीच्या आधी संग्राम मनोऱ्यावरून अर्ध्यात खाली आला. पाय ठेवायला गेला तिथं पायरी नव्हती. ती चार बोटं अलीकडं होती. कमरेच्या पट्ट्यानं धरलं म्हणून वाचला. “गुडघा धरला असंल,” तो म्हणाला. भाऊबीजेला तो पाटावर बसला आणि रोहिणीनं ओवाळायला निरांजन फिरवलं. त्याचे डोळे ज्योतीमागे फिरायला लागले, पण नीट फिरेनात. अडखळत, हिसके घेत फिरले. आबांचे असेच फिरायचे. तिच्या हातातलं तबक कलंडलं आणि अक्षता सगळ्या पाटाखाली सांडल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ती केंद्रात गेली. सात वर्षांपूर्वीची संग्रामची रांग तिनं काढली आणि तीच कमांड दिली. फाइल रिकामी. निरंक. क्षणभर तिला खरंच वाटलं की गुडघाच असेल. मग तिनं ओळीच्या शेवटची ती चिन्हं खोडली आणि कमांड पुन्हा दिली.

कुरबुरी आल्या. मोकळी ओळ का सोडली, नवी आवृत्ती का घेत नाही. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तशाच अक्षरांत, तशाच बेतानं लिहिलेलं एक वाक्य होतं: ‘या रांगेत न वाचता आलेली अक्षरं आहेत. रांग तपासलेली नाही. सोडून दिली आहे.’

झालं होतं ते साधं होतं. रक्तातून अक्षरं वाचणारं यंत्र आवर्तनांपाशी येऊन अडखळायचं. एकसारख्या पायऱ्या मोजताना माणूस मध्येच चुकतो तसंच. जिथं वाचता आलं नाही तिथं ते फुली टाकायचं. रेप्टाला फुली दिसली की तो ती रांगच तपासायचा नाही, आणि तसं प्रामाणिकपणे सांगायचा. ज्याची आवर्तनं जास्त, त्याच्याच रांगेत फुली पडायची शक्यता जास्त. म्हणजे ज्यांना शोधायला केंद्र उघडलं होतं नेमके तेच लोक चाळणीतून निसटत होते. फुल्या गृहीत धरून रांग तपासायची सोयही रेप्टात होती. एक अक्षर वाढवायचं, बस्स. तिनं ते वाढवलं. संग्राम पानस्कर, सेहेचाळीस आवर्तनं.

यंत्र खोटं बोलत नाही, असं ती म्हणाली होती. ते खोटं बोललंही नव्हतं. तेव्हा त्याच्या हातात सात वर्षं होती, वर्षाला एक टोचणी होती, आणि ती दोन मिनिटांच्या वाटेवरच्या दवाखान्यात मिळत होती.

तिनं पहिल्यापासूनचे सगळे निरंक काढले. एक हजार दोनशे अठरा. त्यांतले एकतीस तपासलेच गेले नव्हते. तिची स्वतःची रांग त्यांत नव्हती; ती खरोखरच तपासून झाली होती. एकतीसांपैकी नऊ जणांची आवर्तनं चाळीसच्या पुढे होती.

मुजावर सर सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, नऊ जणांना आजच बोलवू. त्यात दुमत नाही. पण पत्रात ‘फेरतपासणी’ लिहू. नव्या आवृत्तीत सुधारणा झाली, म्हणून फेरतपासणी. खोटंही नाही तसं.”

“सर, खोटंच आहे ते.”

“कचकच नको, असं मीच म्हटलं होतं तुम्हाला. विसरलो नाही मी.” ते म्हणाले. “तुमच्या एकटीच्या डोक्यावर हे कशाला?”

“आपल्यामागून उघडलेल्या इतर केंद्रांतही कमांडची हीच ओळ गेलीय, सर. माझ्याकडूनच उतरवून घेतलीय सगळ्यांनी. खरं कारण लिहिलं नाही तर तिथं कुणी बघणार नाही.”

सरांनी पत्र तिलाच लिहायला सांगितलं आणि खाली आधी आपली सही केली. पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. यादीत तिसरं नाव संग्रामचं होतं. ते पत्र पोस्टमननं त्याच्या हातात द्यावं, हे तिला सोसणार नव्हतं.

ती दुपारची गेली. संग्राम नव्या घराच्या ओट्यावर बसून शिवन्याच्या सायकलची साखळी चढवत होता. साखळी दर वेळी दात्यावरून निसटत होती. आक्काला बघून त्यानं ती लेकीच्या हातात दिली आणि तिला आईकडं पिटाळलं.

“संग्राम, तुला आबांचंच आहे.”

“कळलंय मला,” तो म्हणाला. “गुडघ्याचा डॉक्टर दमला बघून, पण गुडघ्यात काय सापडंना. मी काय दुधखुळा हाय व्हय? आबांना मीच न्हाऊ घालत होतो की शेवटी.” तो जरा हसला. “पर तुझं मशीन तर न्हाई म्हनलेलं.”

“न्हाई म्हणालं नव्हतं.”

“मंजी? मशीन चुकलं?”

इथं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. खोऱ्यातल्या कुणीही तिच्यावर अविश्वास दाखवला नसता, यानं तर नाहीच नाही. “मशीननं सांगितलं होतं, मला हे तपासता आलं न्हाई म्हणून,” ती म्हणाली. “मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. फार कटकट करायचं. मी रिकामी फाइल बघितली आणि निरंक लिहिलं. तवाच कळलं असतं तर तुला औषध मिळालं असतं. आता त्याचा उपयोग न्हाई.”

उभ्या आयुष्यात गप्प न बसलेला संग्राम गप्प बसला. शिव्या दिल्या असत्या तर तिनं पदर पसरून घेतल्या असत्या. त्यानं फक्त वंगणानं काळे झालेले हात बघितले, भिंतीचा आधार घेत उठला आणि आत गेला. दार त्यानं हळू लावलं.

महिनाभर तो बोलला नाही. आई मात्र बोलली. “सांगायचं कशाला त्याला?” ती रोज एकदा तरी म्हणायची. “त्याला झालं ते झालं. निदान भन तरी ऱ्हायली असती.” आईचं म्हणणं चूक आहे असं रोहिणीला वाटत नव्हतं. नऊपैकी सात जण वेळेत सापडले, त्यांना कुलूप मिळालं. एका म्हातारीनं केंद्रात येऊन रोहिणीच्या गालावरून बोटं मोडली, माझा लेक वाचवलास म्हणाली. रोहिणीला ते दृष्ट लागल्यासारखं वाटलं. इतर केंद्रांनी आपापल्या ओळी तपासल्या. चौकशी झाली, ताशेरे आले, दोन वेतनवाढी थांबल्या. शिक्षा संपली असं फक्त कागदावर लिहिलं गेलं.

पौषातल्या एका सकाळी केंद्राच्या दारात संग्राम उभा होता. हातात काठी, आणि काठीच्या पलीकडं शिवन्या, कोपरावर कापसाचा बोळा दाबून. खालच्या खोलीत त्यानं तिचं रक्त देऊन आणलं होतं.

“हिचं बघ,” तो म्हणाला.

“सातारला पाठवू या रे. दुसरं कुणी बघेल.”

“तूच बघ. तुझ्यावर लई विश्वास हाय म्हणून म्हणत न्हाई मी.” जीभ जड व्हायला लागली होती, शब्द ओढत ओढत येत होते. “ही चूक परत कुणाकडनं बी हुईल, पर तुझ्याकडनं न्हाई होणार. एवढ्यासाठी आलोय.”

रक्तातून अक्षरं निघायला आता तीन तास लागायचे. तिघं व्हरांड्यात बसून राहिली. शिवन्यानं आत्याच्या मांडीवर बसून डबा खाल्ला, मग शिपाईमामांबरोबर बागेतली फुलपाखरं बघायला गेली. रांग आली तशी रोहिणीनं आधी ती डोळ्यांनी वाचली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, पडद्यावर बोट ठेवून. फुली एकही नव्हती. मग तिनं कमांड दिली. ओळीच्या शेवटी काहीही वाढवलं नाही. रेप्टा मोकळ्या ओळीबद्दल कुरकुरला, नव्या आवृत्तीबद्दल कुरकुरला आणि थांबला.

फाइल रिकामी.

“काय आलं?” संग्रामनं विचारलं.

“काय न्हाई आलं.”

“मंजी निरंक?”

तो शब्द तिच्या तोंडातून निघेना. तिनं कमांड पुन्हा दिली. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा दिली. खरी रिकामी फाइल आणि खोटी रिकामी फाइल दिसायला एकसारखी असते, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! शेजारी त्याची बोटं काठीवर थरथरत होती.

“आक्का, आगं बोल की.”

“यंत्र नीट बघतंय का हेच मला सांगता येत न्हाई, संग्राम. रिकामं बघून मी कसं म्हणू?”

“मग असल्या वेळी करत्यात काय?”

“ज्याला ते नक्की आहे असा एक नमुना जोडीला लावायचा. त्याचं सापडलं, म्हणजे यंत्र जागं आहे. मग दुसऱ्याचं न्हाई आलं तर ते खरं.”

सात वर्षांपूर्वीच हे करायला हवं होतं, दर तुकडीला. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. हे ती बोलली नाही. पण संग्राम तिच्याकडं बघत होता आणि त्याला ते कळलं असावं. मग काठी टेबलाला टेकवून त्यानं खुर्ची पुढं ओढली.

“मग माझा लाव की.”

तिनं बापाची रांग वर ठेवली, लेकीची खाली, फुल्यांसाठीचं ते एक अक्षर वाढवलं आणि कमांड दिली. नेहमीच्या कुरबुरी संपल्यावर पडद्यावर एक ओळ उमटली. संग्राम पानस्कर, सेहेचाळीस आवर्तनं. त्याखाली काही नव्हतं. संग्राम पुढं वाकला. काचेवर बोट टेकवून त्यानं आपलं नाव वाचलं; बोट नावावर ठरत नव्हतं, पुढं-मागं जात होतं. मग तेच बोट त्यानं खाली आणलं, जिथं शिवन्याचं नाव आलं असतं त्या काळ्या जागेवर, आणि तिथं बराच वेळ ठेवलं.

“मी हाय,” तो म्हणाला. “ती न्हाई.”

“न्हाई,” रोहिणी म्हणाली. “आता नक्की न्हाई.”

त्यानं मान हलवली. तुला माफ केलं असं तो त्या दिवशी म्हणाला नाही, आणि पुढंही कधी म्हणाला नाही. फक्त उठताना आधारासाठी त्यानं भिंत धरली नाही, तिचा खांदा धरला, आणि बागेपर्यंत तसाच चालत गेला.

मोरवंडच्या केंद्रात त्यानंतर कुणाच्या नावापुढे निरंक लिहिलं गेलेलं नाही. ‘तपासलं, आढळलं नाही’ असं तरी लिहितात, नाही तर ‘तपासता आलं नाही’. आणि दर तुकडीत पहिला नमुना संग्रामचा असतो. त्याची तशी लेखी परवानगी आहे, वळणावळणाच्या सहीनिशी. संग्राम जाऊन आता चार वर्षं झाली. रोज सकाळी रोहिणी कमांड देते, हात मांडीवर घेऊन बसते, आणि पडद्यावर त्याचं नाव आलं की मगच खालची नावं वाचायला घेते.